वडीलधाऱ्यांचे बोल टिपण्यासाठी कॅमकॉर्डर कसा निवडावा?



गेल्या नव्या सणाला भेटीगाठी झाल्या, तेव्हा निरनिराळ्या घरच्या मंडळींनी मला एकच प्रश्न विचारला. "आमच्या आईच्या आठवणी चित्रित करून ठेवायच्या आहेत. जमल्यास त्यातून एक लहानसा माहितीपट करू. फार खर्च न करता कोणता कॅमकॉर्डर घ्यावा?" प्रत्येकाला दारात उभे राहून उत्तर देण्यापेक्षा ते एकदा नीट लिहून काढावे, म्हणून हा पाठ. मी काही सिनेमातली जाणकार नव्हे. जन्मभर शाळेत शिकवले, आणि या विषयात जे शिकले ते स्वतःच्या चुकीतून शिकले. ती चूक तुम्ही करू नये, एवढाच हेतू.

घाई कशासाठी?

आपली माणसे १९५१ च्या सुमारास भारतात सुमारे वीस हजार होती. आज तेथे चार-पाच हजार उरली आहेत. बाकीचे आपण इस्रायल, इंग्लंड, कॅनडा, अमेरिका असे विखुरलो. बेने इस्रायलांना विवाहाच्या बाबतीत इतर यहुद्यांच्या बरोबरीने मानावे, यासाठी इस्रायलमध्ये आपल्या लोकांनी जो लढा दिला, त्याला १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटच्या ठरावाने यश आले. त्या दिवसांत जो तरुण वीस वर्षांचा होता, तो आज ऐंशीच्या पुढे गेला आहे. नवगावची, पेणची, अष्टमीची तेलाची घाणी ज्यांनी स्वतः फिरताना पाहिली, अशी माणसे तर आता बोटांवर मोजावी लागतील.

आपल्यावर माहितीपट निघाले नाहीत असे नाही. सादिया शेपर्ड यांनी, ज्यांची आजी बेने इस्रायल होती, २००८ मध्ये 'इन सर्च ऑफ द बेने इस्रायल' केला. २०१० मध्ये 'नेक्स्ट इयर इन बॉम्बे' आला. ही कामे मोलाची आहेत. पण बाहेरून आलेल्या माणसाशी आपले वडील इंग्रजीत किंवा बेताच्या हिंदीत बोलतात. स्वयंपाकघरात बसून, आपल्या कोकणी वळणाच्या मराठीत, नातीला जे सांगतात ते निराळेच असते. ते टिपण्याचे काम घरच्यांनीच केले पाहिजे.

माझी चूक

२०१५ साली माझ्या मावशी काही महिने आमच्याकडे शुगर लँडला राहावयास आल्या. वय अठ्ठ्याऐंशी, स्मरण लख्ख. त्यांच्या आईने अलिबागजवळच्या गावी केलेले मलिदे, लग्नातील हळदीची गाणी, शनिवारी घाणी बंद ठेवणारे आजोबा, हे सारे त्यांना तोंडपाठ होते. मी सवलतीच्या दिवसांत एक स्वस्त एच.डी. कॅमकॉर्डर आणला. खोक्यावर 'झूम' किती पट तेवढे पाहिले आणि खूश झाले. दिवाणखान्यात मावशींना कोचावर बसवले, कॅमेरा समोर आठ फुटांवर ठेवला आणि तीन दुपारी मिळून तीन तास चित्रण केले. मावशी मधूनमधून विचारीत, "अगो, येतंय ना त्यात सगळं?" मी म्हणे, "हो मावशी, येतंय, तुम्ही बोला."

पुढच्या वर्षी मावशी गेल्या. शोकाचे सात दिवस संपल्यावर आम्ही सर्वांनी मिळून ते चित्रण लावले. चित्र इतके स्वच्छ, की मावशींच्या मंगळसूत्राचे मणी मोजावेत. पण आवाज? ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात एसी दिवसभर चालू. त्याची घरघर, शेजारच्या खोलीतील फ्रिज, भिंतीवरचे घड्याळ. आणि या सर्वांच्या मागे कोठेतरी, विहिरीतून यावा तसा, मावशींचा आवाज. दहा शब्दांतले तीन कळतात. हळदीचे गाणे तर ओठ हलताना दिसतात, इतकेच.

वाचले ते एवढे, की एका दुपारी माझ्या मुलाने आपला फोन मावशींच्या मांडीजवळ ध्वनिमुद्रणासाठी चालू करून ठेवला होता. ती अकरा मिनिटे स्पष्ट आहेत. आज आमच्या घरी मावशींची बरसी येते तेव्हा आम्ही ती अकरा मिनिटे ऐकतो. तीन तासांचे सुंदर चित्र कोणी लावीत नाही.

या पाठाचे सार यातच आले: कॅमकॉर्डर डोळ्यांनी नव्हे, कानांनी निवडावा. आता एकेक मुद्दा क्रमाने घेऊ.

१. एच.डी. म्हणजे किती?

चित्र हे लहान ठिपक्यांचे बनते. पूर्वीच्या अमेरिकन पद्धतीच्या डिजिटल चित्रात आडवे ७२० व उभे ४८० ठिपके असत. म्हणजे सुमारे साडेतीन लाख. पूर्ण एच.डी. चित्रात आडवे १९२० व उभे १०८० ठिपके असतात; म्हणजे सुमारे वीस लाख पंच्याहत्तर हजार. गुणाकार करून पाहा, बरोबर सहापट होतात. हल्ली ज्याला फोर-के म्हणतात, त्यात याच्याही चौपट ठिपके असतात.

माणूस बसून बोलत आहे, एवढ्यासाठी एच.डी. पुरेसे आहे. फोर-केचा एक फायदा खरा, की मागाहून चित्राचा मधला भाग कापून जवळचे दृश्य काढता येते. पण त्याच्या फायली मोठ्या, त्या साठवण्यास जागा जास्त, आणि जोडकाम करण्यास संगणक ताकदीचा लागतो. कॅमेरा फोर-के असला तर वाईट नाही. पण केवळ त्यासाठी माइकचे पैसे त्यात घालू नयेत.

आकड्यापुढे 'आय' किंवा 'पी' असे अक्षर असते. 'आय' म्हणजे एकाआड एक ओळी दोन खेपांत टिपणे; ती जुन्या दूरदर्शन संचांची पद्धत. 'पी' म्हणजे संपूर्ण चित्र एकाच खेपेत. संगणकावर व फोनवर पाहावयाचे असल्यास 'पी' ठेवावे.

२. माइक आणि हेडफोन: दोन छिद्रे आधी पाहा

दुकानात कॅमेरा हाती घेतला, की प्रथम त्याच्या अंगावर दोन छिद्रे शोधा. एक बाहेरचा माइक जोडण्याचे, दुसरे हेडफोन लावण्याचे. अगदी स्वस्त कॅमकॉर्डरमध्ये बहुधा पहिलेच छिद्र गाळलेले असते. ते नसेल तर झूम कितीही असो, कॅमेरा परत ठेवा.

याचे कारण शाळेतील पदार्थविज्ञानात आहे. आवाजाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. माणसाच्या तोंडापासून कॅमेरा आठ फुटांवर, म्हणजे ९६ इंचांवर असतो. पदराला किंवा सदऱ्याला अडकवायचा लहान माइक हनुवटीखाली एका वितीवर, म्हणजे सुमारे ८ इंचांवर असतो. अंतर बारापट, म्हणून कॅमेऱ्यापर्यंत पोहोचणारा आवाज १४४ पटींनी क्षीण. खोलीतील भिंतींमुळे हा हिशेब थोडा बदलतो, पण एसीची घरघर काही कमी होत नाही; ती कॅमेऱ्यालाही तेवढीच जवळ. माइक बोलणाऱ्याजवळ नेणे, हाच उपाय.

आणखी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली: चित्रणाआधी दोन मिनिटे चाचणी घ्यावी आणि ती हेडफोन लावून ऐकावी. नंतरही मधूनमधून ऐकत राहावे. मी हेडफोन लावला असता, तर पहिल्याच दुपारी चूक कळली असती.

दुसरी: आवाजाची पातळी आपोआप ठरवण्याची सोय शक्य असल्यास बंद करावी. वृद्ध माणसे बोलताना थांबतात, आठवतात. त्या शांततेत यंत्र आवाज वाढवू लागते आणि पंख्याची घरघर एकदम वर येते.

तिसरी: एसी, पंखा, फ्रिज तेवढा वेळ बंद ठेवावा. फ्रिज पुन्हा चालू करण्यास विसरू नये म्हणून आपल्या मोटारीच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात! टेक्सासच्या उन्हाळ्यात हे सकाळी लवकर करावे आणि वडीलधाऱ्यांना त्रास होऊ लागला तर लगेच थांबावे.

चौथी: बोलणाऱ्याजवळ एक फोन ध्वनिमुद्रणासाठी वेगळा चालू ठेवावा. आरंभी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी. जोडकाम करताना टाळीचे चित्र व टाळीचा आवाज जुळवले, की दोन्ही मुद्रणे एकमेकांवर बसतात.

३. भिंग, झूम आणि उजेड

झूम दोन प्रकारचे असते. भिंगे पुढेमागे सरकून होते ते खरे, ऑप्टिकल झूम. डिजिटल झूम म्हणजे त्याच चित्राचा तुकडा फुगवणे. त्यात तपशील वाढत नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आकडा कोणता, हे विचारून घ्यावे. घरात मुलाखत घेण्यास दहापट ऑप्टिकल झूमही भरपूर.

त्यापेक्षा महत्त्वाचा तो आतील चित्रग्राहक, म्हणजे सेन्सर. त्याचा आकार अपूर्णांकात देतात. येथे चौथीचे गणित आठवावे: छेद मोठा, तर अपूर्णांक लहान. १/२.३ इंचाचा सेन्सर १/४.८५ इंचाच्या सेन्सरपेक्षा बराच मोठा. मोठा सेन्सर कमी उजेडातही स्वच्छ चित्र देतो. कोकणातील जुन्या घरांत माजघर अंधारे असते, मलिदा पुष्कळदा रात्री होतो, तेव्हा हा फरक जाणवतो.

तरीही खिडकी हा फुकटचा दिवा आहे. माणसाला खिडकीकडे तोंड करून किंवा किंचित तिरपे बसवावे. खिडकी पाठीमागे आली तर चेहरा काळा पडतो.

नमुन्यादाखल दोन यंत्रे सांगते. २०१५ मध्ये आलेल्या पॅनासॉनिक एच.सी.-व्ही७७० मध्ये १/२.३ इंचाचा सेन्सर व वीसपट ऑप्टिकल झूम आहे. २०१७ च्या कॅनन व्हिक्सिया एच.एफ. आर८०० मध्ये १/४.८५ इंचाचा सेन्सर व बत्तीसपट ऑप्टिकल झूम आहे. माइक व हेडफोन दोन्हींची सोय या दोन्ही यंत्रांत आहे. अशी जुनी यंत्रे वापरलेल्या स्थितीत मिळतात. घेताना बॅटरी किती वेळ टिकते, पडदा ठीक उघडतो का आणि माइकच्या छिद्रात पिन सैल तर होत नाही ना, हे स्वतःचा माइक नेऊन तपासावे.

४. मग फोन का नको?

हा प्रश्न तरुण मंडळी हमखास विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. आजचा चांगला फोन एच.डी. काय, फोर-के चित्रणही करतो. पैसे अगदीच बेताचे असतील तर कॅमकॉर्डर घेऊच नका. फोनला जोडता येईल असा माइक व एक तिपाई घ्या आणि कामाला लागा. महागडा कॅमेरा व माइक नाही, यापेक्षा साधा फोन व चांगला माइक केव्हाही बरा.

कॅमकॉर्डरचे फायदे वेगळे आहेत. तो तासभर न थांबता चालतो, मध्ये कोणाचा फोन येत नाही, बॅटरी झटकन बदलता येते आणि मागे न सरकता दूरचे दृश्य खऱ्या झूमने जवळ आणता येते. कित्येक स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्यांत एका वेळी २९ मिनिटे ५९ सेकंदांपेक्षा जास्त चित्रण होत नसे. युरोपातील जकातीचे नियम हे त्यामागचे एक कारण होते. आपली वडीलधारी मंडळी मूळ गोष्टीवर येईपर्यंतच अर्धा तास जातो, हे तुम्ही जाणताच!

५. अमेरिकेतील कॅमेरा कोकणात नेताना

आपल्यापैकी पुष्कळजण येथे कॅमेरा घेऊन अलिबाग, ठाणे, पुणे येथे चित्रण करण्यास जातील. त्यांनी एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी. अमेरिकेत विजेचा प्रवाह सेकंदाला ६० वेळा हेलकावे घेतो, भारतात व इस्रायलमध्ये ५० वेळा. त्यामुळे तेथील ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्यांना ते दिसत नाही, पण येथील कॅमेरा नेहमीच्या १/६० सेकंदाच्या शटरने चित्र घेऊ लागला, की चित्रात पट्टे सरकताना दिसतात किंवा उजेड धडधडतो. उपाय सोपा आहे: शटर हाताने १/१०० वर ठेवावे. म्हणून कॅमेरा घेताना शटर हाताने ठरवता येते ना, हे पाहावे.

चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापले असेल, तर भारतात फक्त पिन बदलण्याचा तुकडा पुरतो. आणि कॅमेरा, मग तो शुगर लँडच्या उन्हात असो वा कोकणच्या, बंद मोटारीत ठेवून जाऊ नये.

६. पैशांची वाटणी

समजा, जवळ ५०० डॉलर आहेत. माझ्या मते वाटणी अशी करावी: निम्मे, म्हणजे २५० डॉलर, कॅमेऱ्याला, आणि तेवढ्यासाठी वापरलेला घेण्यास लाजू नये. माइक व हेडफोन यांना १००. पक्क्या तिपाईला ६०. जादा बॅटरी व मेमरी कार्डे यांना ४०. उरलेले ५० साठवणीच्या डिस्कच्या खर्चात घालावे. सगळे पैसे कॅमेऱ्यात घालून बाकीच्या गोष्टी "पुढे पाहू" म्हणणे, हीच माझी चूक होती.

कार्डाचा हिशेब असा: सेकंदाला २४ मेगाबिट या दर्जाने चित्रण केले, तर एका तासाला सुमारे १०.८ गिगाबाइट जागा लागते. ६४ गिगाबाइटच्या कार्डावर साडेपाच तास सहज मावतात. दिवसाचे काम त्यात होते. पण घराबाहेर जाताना कार्डे दोन न्यावीत.

७. शब्बाथ, मशीद आणि परवानगी

शुक्रवारी दिवे लागल्यापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, तसेच सणाच्या दिवशी, यंत्राला हात लावू नये. हे मी सांगण्याची गरज नसावी. पण लांबून आलेल्या तरुणांच्या हातून उत्साहात असे होते. दारफालनीच्या सणाचे वातावरण टिपायचे असेल, तर आदल्या दिवसांतील तयारी टिपावी आणि सणाविषयी मंडळींना मागाहून बोलते करावे. मशिदीत कॅमेरा नेण्याआधी मुकादमांची व हजानांची परवानगी घ्यावी. १७९६ साली समाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत स्थापन केलेल्या शाआर हाराहमीमसारख्या जुन्या मशिदीची माहिती घेताना भिंती आणि दिवे टिपणे सोपे आहे. तेथे वर्षानुवर्षे बाक पुसणाऱ्या माणसाला बोलते करणे अधिक मोलाचे.

वडीलधाऱ्यांचीही परवानगी विचारावी. "हे कोणाला दाखवू?" असे सरळ विचारावे आणि ते सांगतील तसे वागावे. प्रश्न मराठीतच विचारावेत आणि लहान असावेत. "आपल्या परंपरेबद्दल सांगा" म्हटले, की माणूस भाषण करतो. "मलिद्याचे पोहे कोण भिजवीत असे?" म्हटले, की तो आईबद्दल बोलू लागतो. जमल्यास हातांचेही चित्रण करावे: पोह्यांत खोबरे, साखर व वेलची कालवणारे हात पुष्कळ काही सांगतात.

८. टिपलेले जपावे कसे?

२०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वी वादळाने ह्यूस्टन बुडवले. मेयरलँड या यहुदी वस्तीच्या भागात घरेच नव्हे, तर प्रार्थनास्थळेही पाण्याखाली गेली. माझ्या ओळखीच्या एका घरात लग्नाच्या चित्रफिती खालच्या कपाटात होत्या. पाणी ओसरल्यावर त्या चिखलाच्या विटा झाल्या होत्या.

म्हणून चित्रणाच्या तीन प्रती कराव्यात: एक घरी, एक दुसऱ्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी असलेल्या भावा-बहिणीच्या घरी. फाइलीला नाव देताना व्यक्ती, गाव व तारीख लिहावी. डिस्क कपाटात ठेवून विसरू नये. वर्षातून एकदा, नव्या सणाच्या आधी घर आवरताना, लावून पाहावी. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी बेने इस्रायलांचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला. तो तेल अवीव येथे छापून निघाला १९३७ मध्ये. मधली चाळीस वर्षे ते हस्तलिखित कोणीतरी सांभाळले, म्हणून आज आपल्याला आपला इतिहास वाचावयास मिळतो. सांभाळणाऱ्याचे काम लिहिणाऱ्याइतकेच मोठे आहे.

गृहपाठ

शिक्षिकेने गृहपाठ दिल्याखेरीज पाठ संपत नाही. येत्या महिनाभरात आपल्या घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसा. कॅमकॉर्डर नसेल तर फोन घ्या, तो त्यांच्याजवळ एका हातावर ठेवा, एसी बंद करा आणि एकच प्रश्न विचारा: "तुमच्या आडनावाच्या गावी तुम्ही पहिल्यांदा कधी गेलात?" अर्धा तास पुरे. त्यानंतर त्यांच्या समोरच ते लावून ऐका. शब्दन् शब्द कळला, तर मग खुशाल कॅमकॉर्डर विकत घेण्यास निघा. नाही कळला, तर माणूस अजून समोर आहे; दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारता येईल.

मला ते करता आले नाही. तुम्हांला करता येईल. शालोम.